हाफ अ‍ॅज मच अगेन : निम्मं नव्हे, दीडपट

मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय एक्केचाळीस. शाळा-कॉलेज मराठी माध्यमातून, नागपूर विद्यापीठाच्या बी.कॉम. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे बरीच वर्षं वह्या सांभाळल्या. आता मिहानकडच्या एका ऑफिसात ब्रिटिश क्लायंट्सचे हिशेब लिहितात. पत्रातला मुख्य भाग असा:

“मॅडम, आकड्यांची मला कधीच भीती नव्हती. मागच्या महिन्यात एका क्लायंटनं कॉलवर सांगितलं की जाहिरातीला आता ‘हाफ अ‍ॅज मच अगेन’ लागेल. आधी महिन्याला १,२०० पौंड होते. मी हाफ ऐकलं आणि ६०० टाकून बजेट पाठवून दिलं. त्याला पाहिजे होते १,८००. टीम लीडर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘अकाउंट्स तर येतात तुम्हाला, थोडं इंग्लिशचंही बघा.’ तेव्हापासून मी कॉलवर म्यूट करूनच बसून राहते. कोणी ‘हाफ सेव्हन’ म्हणतं, कोणी ‘सिक्स ऑफ वन’, कोणी ‘सिक्सेस अँड सेव्हन्स’. बाकीचे हसले की मीही हसून देते. सीताबर्डीवर एक क्लास आहे, पाचशे इडियम्स पाठ करून घेतात, फी अठरा हजार. लावू का? आणि अजून एक. मुलगा सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. त्याला साडेअठ्ठावीस म्हटलं तर समजत नाही. घरी पाव-सव्वा शिकवू, की त्याचाही माझ्यासारखाच गोंधळ होईल?”

ताई, क्लास लावू नका. अठरा हजार रुपये जवळ ठेवा. तुम्ही ज्या जागी अडकलात ती जागा त्या पाचशेच्या यादीत बहुतेक नसणारच. अशा याद्यांत मांजरं-कुत्री, ढग आणि चंद्र असतात. ‘हाफ अ‍ॅज मच अगेन’ ही रोजच्या हिशेबाची बोली आहे, इंग्लंडमधला दुकानदार, सुतार, स्वयंपाक करणारी बाई सगळे ती सहज वापरतात, आणि म्हणूनच ती इडियम म्हणून कोणी शिकवत नाही.

त्या वाक्याकडे नीट बघू, कारण तिथेच तुमचे १,२०० पौंड निसटले. ‘अ‍ॅज मच अगेन’ म्हणजे आणखी तेवढंच. तुमच्याकडे १,२०० आहेत, त्यावर आणखी तेवढेच, झाले २,४००. आता त्याच्या आधी हाफ लावा: आणखी निम्मे. १,२०० वर ६००, म्हणजे १,८००. आपली दीडपट. ‘अ क्वार्टर अ‍ॅज मच अगेन’ म्हटलं की सव्वापट, १,५००. अमेरिकन माणूस हेच ‘हाफ अगेन अ‍ॅज मच’ असं फिरवून म्हणेल, रक्कम तीच. आणि नुसतं ‘हाफ अ‍ॅज मच’ म्हटलं, शेवटी अगेन आलंच नाही, तरच निम्मं. म्हणजे सगळा निकाल त्या एका शेवटच्या शब्दावर. मराठीत ‘दीडपट’ म्हणताच पहिल्या अक्षरात कळतं की रक्कम वाढली. त्यामुळे आपला कान पहिला शब्द पकडतो आणि हात लिहायला लागतो. तुमचं तेच झालं. तुम्हाला हिशेब येतो आणि इंग्रजीही समजतं. तुम्ही फक्त वाक्य संपायच्या आधी पेन चालवलं.

याच घरातलं दुसरं एक दुखणं सांगते, कारण त्यात मोठमोठे लोक फसतात आणि हिशेबाच्या कामात ते उद्या तुमच्यासमोर येणारच आहे: बाय आणि टू. खर्च ‘कट बाय अ थर्ड’ झाला, म्हणजे तिसरा हिस्सा कापला गेला. १,२०० चे ८०० उरले. ‘कट टू अ थर्ड’ झाला, म्हणजे कापून तिसऱ्या हिश्श्यावर आणला, ४०० उरले. ऐकताना एवढासा फरक, बिलावर ४०० पौंडांचा. मराठीत आपण हा फरक प्रत्ययानं करतो. ‘तीस टक्क्यांनी घसरलं’ आणि ‘तीस टक्क्यांवर घसरलं’ यात तुम्ही कधी चुकणार नाही. तर बाय ऐकलं की मनात ‘नी’ म्हणा आणि टू ऐकलं की ‘वर’ म्हणा. ‘रेज्ड बाय हाफ’ म्हणजे निम्म्यानं वाढवलं, पुन्हा तीच दीडपट.

‘थ्री टाइम्स मोअर’ कोणी म्हटलं तर मात्र तर्क लढवू नका. कोणी तीनपट म्हणून बोलतो, कोणी मूळ रक्कम धरून वर तीनपट म्हणून. इंग्रज लोकांचंही त्यावर एकमत नाही, आणि आपल्याकडे ‘तीनपटीनं जास्त’ म्हणताना हीच अडचण येते. सरळ आकडा विचारा.

आता तुमच्या पत्रात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. ‘हाफ अ‍ॅज मच अगेन’, ‘हाफ सेव्हन’ आणि ‘सिक्सेस अँड सेव्हन्स’ हे तिन्ही तुम्ही एका रांगेत बसवलेत. ते एका जातीचे नाहीत. पहिल्या दोघांतला आकडा मोजायचा असतो, तिसऱ्यातला नुसता बोलायचा. मराठीत हा भेद तुम्ही दिवसभर पाळता. शेजारीण म्हणाली, “चार दिवस माहेरी जाऊन येते,” तर चौथ्या दिवशी तुम्ही तिची वाट बघत नाही. “चार लोक काय म्हणतील” यातले चार कोण ते कोणी विचारत नाही. मुलाला “शंभरदा सांगितलं” म्हणताना शंभर मोजलेले नसतात. पण तुमच्याच ऑफिसात कोणी “चार दिवसांत रिटर्न भरायचं” म्हटलं, की तुम्ही लगेच कॅलेंडर बघता. शब्द तोच चार. कुठे मोजायचा आणि कुठे सोडून द्यायचा हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, ते येतं. इंग्रजीत शिरलं की मात्र प्रत्येक आकडा दचकवतो. कॉलवर आकडा कानावर आला की स्वतःला एकच विचारा: हा मोजायचा की बोलायचा? पैसा, वेळ, तारीख, टक्के, नग यांच्याजवळ आला तर मोजायचा, आणि तिथे अक्षरही सुटता कामा नये. बाकी ठिकाणी ढोबळ अर्थ लागला तरी काम भागतं, नाही लागला तरी कोणाचं नुकसान होत नाही.

म्हणून मेहनत मोजायच्या आकड्यांवर करा.

वेळेपासून सुरू करू. ब्रिटिश माणसाचं ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. मधला पास्ट तो खाऊन टाकतो. आपलं ‘साडे’ही पुढचा अर्धा तास मोजतं, त्यामुळे तुमच्या कानाला जे वाटतं तेच बरोबर आहे. क्लायंट जर्मन असेल तर सावध राहा. जर्मन भाषेत ‘अर्धे सात’ म्हणजे साडेसहा, आणि काही जर्मन लोक इंग्रजी बोलतानाही ती सवय सोबत आणतात. ‘क्वार्टर टू’ म्हणजे पावणे, ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, यात काही अवघड नाही. अमेरिकन लोक कधी ‘क्वार्टर ऑफ सेव्हन’ म्हणतात, तेही पावणेसातच. ‘इन हाफ अ‍ॅन अवर’ म्हणजे अर्ध्या तासानं; अर्ध्या तासाच्या आत असं समजून धावपळ करू नका.

तुमच्या कामात वेळेचा खरा गुंता वेगळाच आहे. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, कारण १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे आणतात. म्हणजे उन्हाळ्यात अंतर साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. त्यांचा ‘हाफ नाइन’चा कॉल जुलैत तुमच्याकडे दुपारी दोनला, डिसेंबरमध्ये तीनला. ते दोन रविवार कॅलेंडरवर लाल करून ठेवा. ऑफिसात हे कोणीतरी विसरतंच.

‘फोर्टनाइट’ म्हणजे पंधरवडा, पण नेमके चौदा दिवस. ‘बाय-वीकली’ आणि ‘बाय-मंथली’ हे दोन शब्द मला अजिबात आवडत नाहीत. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे खुद्द इंग्रजीतच ठरलेलं नाही. कोणी वापरले तर तारखा मागा. आणि तारीख आकड्यांत लिहूच नका. तुमच्या ब्रिटिश क्लायंटचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ०५/०४ असं लिहिलेलं अमेरिकन माणूस ४ मे वाचेल. महिना अक्षरी लिहिला की वाद मिटला.

पैशांत तीन जागा सांभाळा. ‘टू-फिफ्टी’ म्हणजे दोन पौंड पन्नास पेन्स, की अडीचशे पौंड? बोलणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला नसतं. ‘टू अँड अ हाफ के’ किंवा ‘टू अँड अ हाफ ग्रँड’ म्हणजे अडीच हजार; हेच कोणी ‘ट्वेंटी-फाइव्ह हंड्रेड’ म्हणेल. ‘क्वार्टर ऑफ अ मिलियन’ म्हणजे अडीच लाख, ‘हाफ अ मिलियन’ पाच लाख, ‘वन अँड अ हाफ मिलियन’ पंधरा लाख. मोठ्या रकमा आपल्याकडे लाख-कोटींत चालतात आणि स्वल्पविरामही वेगळ्या जागी पडतो, म्हणून हे तीन पाठच करा, मनात रूपांतर करत बसू नका. बिलियन म्हणजे शंभर कोटी. जुन्या ब्रिटिश कागदांत बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यंही असत. १९७४ मध्ये तिथल्या सरकारनं नऊ शून्यांचा बिलियन अधिकृत केला.

फिफ्टी आणि फिफ्टीन, सिक्स्टी आणि सिक्स्टीन हे फोनवर कोणालाही सारखेच ऐकू येतात, इंग्रजांनाही. ते स्वतः काय करतात ते ऐका: “फिफ्टीन, वन-फाइव्ह.” तुम्हीही तसंच म्हणा. शून्याला ते ओ म्हणतील, नॉट म्हणतील, फुटबॉलच्या गुणांत निल म्हणतील. ‘नॉट पॉइंट फाइव्ह परसेंट’ ऐकून ‘पाच टक्के नाही’ असं कोणी लिहू नये म्हणून सांगते: तो अर्धा टक्का आहे.

आता बोलण्याची बाजू. आपल्या शाळांमधून २/३ ला ‘टू बाय थ्री’ म्हणायची सवय लागते. इंग्लंडमध्ये ‘टू बाय थ्री’ म्हणजे दोन फूट रुंद, तीन फूट लांब. ते सतरंजीचं माप झालं. अपूर्णांक असेल तर ‘टू थर्ड्स’, ‘थ्री क्वार्टर्स’, ‘फाइव्ह एट्थ्स’. वरचा आकडा एकापेक्षा मोठा की शेवटी स आलाच. दशांशाच्या पुढचे आकडे एकेक करून बोलायचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५.२५ वर गेला तर ‘फॉर्टी-फाइव्ह पॉइंट टू फाइव्ह’. ‘पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह’ म्हटलं की ऐकणारा क्षणभर अडखळतो. दीडला अनेकवचन लागतं: ‘वन अँड अ हाफ अवर्स’, किंवा ‘अ‍ॅन अवर अँड अ हाफ’. हा मधला ‘अ’ आपल्याकडे हमखास गळतो, ‘वन अँड हाफ अवर’ म्हणून मोकळे होतो. समजायला समजतं, पण तुम्हाला रोज हेच बोलायचं आहे, तर नीट बोला. आणि ‘टू थर्ड्स ऑफ द मनी इज’, पण ‘टू थर्ड्स ऑफ द इनव्हॉइसेस आर’: पैसा मोजून येत नाही, बिलं मोजून येतात, क्रियापद त्यांच्याकडे बघून ठरतं.

एवढं पक्कं करा. नव्वद टक्के पोटदुखी इथेच थांबेल.

बोलायच्या आकड्यांचं काय? ते ओळखले की पुरे, स्वतः वापरायची घाई नको. ‘सिक्स ऑफ वन अँड हाफ अ डझन ऑफ द अदर’ म्हणजे हे घ्या नाहीतर ते घ्या, फरक नाही. बोलणारा बहुतेक ‘सिक्स ऑफ वन’वरच थांबतो, बाकीचं समोरच्यानं समजून घ्यायचं. ‘अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स’ म्हणजे सगळा गोंधळ. आपल्याकडे तीनतेरा वाजतात तसे. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी शेवटच्या घडीला. हे बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतून आलं, ज्यात दिवस मावळता मावळता कामावर आलेल्यांनाही पूर्ण मजुरी मिळते.

दोन मात्र नीट लक्षात ठेवा, कारण ती वरून नकारार्थी वाटतात आणि आतून कौतुकाची असतात. ‘सेकंड टू नन’ म्हणजे अव्वल, कुणाच्याही मागे नाही. ‘नॉट हाफ बॅड’ म्हणजे चांगलं जमलं. तुमच्या कामाला कोणी ‘नॉट हाफ बॅड’ म्हणालं तर थँक यू म्हणा. मनाला लावून घेऊ नका. उलट ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ हे स्तुतीसारखं ऐकू येतं पण तो आपला दीडशहाणा आहे. मला हे फार आवडतं: दोन्ही भाषांनी जास्तीच्या शहाणपणाला नेमकं अर्ध्याचंच माप लावलं. आणि अर्ध्याचा मान ठेवायचा तर तोही मराठी ठेवते. अठराव्या शतकातले साडेतीन शहाणे आपल्या नागपूरकरांना सांगायला नकोत, त्यातले एक पूर्ण शहाणे देवाजीपंत चोरघडे इथल्या भोसल्यांच्या दरबारचे. सखारामबापू बोकील आणि विठ्ठल सुंदर हे दुसरे दोन पूर्ण, आणि अर्धे कोण, तर नाना फडणवीस. नानांना अर्धं म्हणून कमी कोणी लेखलं नाही; मुत्सद्देगिरीत पुरे, पण लढाईतले नव्हते, म्हणून अर्धे असं सांगतात.

या म्हणींतला आकडा कुठून आला हे खोदत बसू नका, असंही सांगेन. ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे सगळंच्या सगळं. त्याचा संबंध आपल्या नऊवारीशी जोडून अभिमानानं सांगणारे लोक भेटतात. ते खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत हाच प्रयोग सहा यार्डांचाही सापडतो, १९१२ मध्ये केंटकीत ‘होल सिक्स यार्ड्स’ छापलेलं आहे. कुठे सहा, कुठे नऊ, म्हणजे मुळात काही मोजलेलंच नव्हतं. ‘क्लाउड नाइन’चंही तसंच, आधी तिथे सात आणि आठ नंबरचे ढगही होते. बोलायचा आकडा हवा तसा फुगतो, आपल्या सतराशे साठ भानगडींसारखा.

आणि उलट दिशेनं भाषांतर करू नका. आपला छत्तीसचा आकडा देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून आहे. इंग्रजी आकड्यांत ते चित्र उमटत नाही. क्लायंट आणि त्याच्या भागीदाराचं पटत नसेल तर ‘दे डोंट गेट ऑन’ म्हणा, झालं.

कॉलवर काय करायचं ते सांगते. समोर वही ठेवा आणि नोंद मराठीत करा. हो, मराठीत. ‘हाफ अ‍ॅज मच अगेन’ ऐकलं की वाक्य संपू द्या, मग वहीत ‘दीडपट’ लिहा, शेजारी जुनी रक्कम, शेजारी नवी. दीड, सव्वा, पाऊण, अडीच या शब्दांना इंग्रजीत एकेका शब्दाचा जोड नाही. तुमच्याकडे हे तयार हत्यार आहे, ते फक्त इंग्रजी ऑफिस म्हणून घरी ठेवून जाऊ नका. मग म्यूट काढा आणि म्हणा, “जस्ट टु कन्फर्म द फिगर, दॅट्स एटीन हंड्रेड, अप फ्रॉम ट्वेल्व्ह?” एवढं एकच वाक्य. यात व्याकरण चुकायला जागा नाही आणि उच्चार जड असला तरी चालतो. हिशेबाच्या कामात आकडा परत वाचून दाखवणाऱ्या माणसाला कोणी कच्चा समजत नाही. इतवारीत भाव ठरला की मोठ्यानं परत बोलून घ्यायचे, ते आठवतं ना? तेच करायचं.

कॉल संपला की दोन ओळींची मेल: जुना आकडा, नवा आकडा, कोणत्या तारखेपासून. टीम लीडरनं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. चूक दाखवायची ती एकटीला बोलावून दाखवायची, आणि उपाय सांगता येत असेल तर दाखवायची. ‘इंग्लिश बघा’ हा उपाय होत नाही. पण त्याच्याशी भांडण काढू नका. त्याच्याकडे एकटं जा आणि सांगा की यापुढे प्रत्येक कॉलनंतर आकड्यांची मेल मी पाठवीन, तुम्ही सीसीमध्ये राहा. ऑफिसात अशी मेल आधीपासून जात असती तर ६०० चा आकडा त्याच दिवशी सापडला असता, आणि हे त्यालाही कळेल. तुम्हाला वाटतं तेवढे तुमचे सहकारी त्या म्हणींवर मनापासून हसतही नसतील. अर्धे लोक तुमच्याचसारखे हसून देत असतात.

कान तयार करायचा असेल तर बीबीसी रेडिओवरची हवामानाची आणि खेळांच्या निकालांची बातमीपत्रं ऐका. सगळे आकडेच असतात, आणि वेगवेगळ्या भागांतल्या माणसांच्या आवाजात. पेन घेऊन बसा, आकडे टिपा. रात्री भांडी आवरल्यावर दहा मिनिटं पुरेत. ऑफिसनं परवानगी दिली तर जुन्या कॉलचं रेकॉर्डिंग त्याहून चांगलं, कारण तीच माणसं तुमच्याशी उद्या बोलणार आहेत.

मुलाचं. शिकवा, जरूर शिकवा. गोंधळ होईल ही भीती मला पटत नाही. त्याला अडतंय ते दोन ठिकाणी. एक, मराठीत एकक आधी येतं: सत्तावन्नमध्ये सात आधी, पन्नास नंतर, इंग्रजीत फिफ्टी आधी. ही जर्मन मुलांचीही रोजची गोष्ट आहे, आणि पूर्वी इंग्रजीतही ‘फाइव्ह अँड ट्वेंटी’ म्हणत. आणि एकोणसाठसारखे शब्द, ज्यात साठला एक कमी आहे हे कोणीतरी एकदा फोडून सांगावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी सोपी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. शाळेत काय असावं यावर माझं मत इथे नको. घरात मात्र दोन्ही चालू द्या. सत्तावन्न ऐकून त्यानं ५७ लिहिलं की पुरे.

दोन, त्याला साडे-पावणे हे शब्द घड्याळाबाहेर भेटलेलेच नाहीत. मग भेटवा. भाजी आणायला पाठवा, पाऊण किलो वांगी, सव्वा किलो बटाटे, आणि हिशेब त्याच्याकडून घ्या. नेपाळचं घड्याळ ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढे आहे, हे त्याला सांगा; मुलांना असलं काही फार आवडतं, आणि ‘फाइव्ह आवर्स फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स’ एका शब्दात मावतं हे तो वर्गात जाऊन सांगेल. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. सगळे नकोत. सहावीत त्याला अपूर्णांकांचे गुणाकार आहेतच. दीडकी आणि अडीचकी आल्या तर ‘वन अँड अ हाफ इंटू सिक्स’ला तो कागद घेणार नाही. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, असं दहापर्यंत, रोज ऑफिसला निघताना एकदा म्हणून घ्या. ते बसलं की अडीच. औटकी दिवाळीच्या सुट्टीत.